सिगारेट सोडायचं मन होत नसेल तर आधी जवळचं कारण शोधा

"सोडायचीय रे, पण मनच होत नाही" असं म्हणणारी माणसं साताऱ्यात कुठल्याही टपरीवर भेटतात आणि ती खरंच बोलत असतात. कॅन्सरची भीती घालून फार काही होत नाही, कारण कॅन्सर वीस वर्षं लांब वाटतो आणि तलफ आत्ता आलेली असते. मग कारणपण आत्ताचंच पाहिजे, याच महिन्यात जाणवेल असं.

सगळ्यात सोपं म्हणजे अजिंक्यतारा. सकाळी किती लोक वर चालायला जातात, तुम्हीपण जा, आणि कुठल्या वळणावर दम लागून थांबावं लागलं ते नीट लक्षात ठेवा (छातीत दुखत असेल तर चढू नका, आधी डॉक्टर गाठा). धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, सिगारेट बंद केली की तो एक-दोन दिवसांत उतरतो, दम सुधारायला मात्र काही आठवडे, कधी महिने लागतात. दर रविवारी तोच चढ चढा, थांबायची जागा वर सरकताना दिसली की परत ओढायला हात धजत नाही.

काहींना दमाचं काही वाटत नाही, त्यांचं कारण घरात असतं. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते लपवणाऱ्यांचं. चाळिशी गाठलेला, दोन पोरांचा बाप, पण अण्णांना वास येऊ नये म्हणून जिन्यात उभा राहून बडीशेप चावतोय, बोटं शर्टाला पुसतोय, आणि पोरगी पळत आली की तिला उचलायच्या आधी तोंड फिरवतोय. हे रोजचं लपवणं ज्याला नको झालंय त्याने तेच कारण धरावं, मोबाईलमध्ये एका ओळीत लिहून ठेवावं. पैशाचं कारणपण चालतं, वीसची एक धरली आणि दिवसाला सहा, तर महिन्याला ३६०० रुपये होतात.

अजून एक, सुट्टी सिगारेट घेणं बंद करा. महाराष्ट्रात सुट्टी विकायला २०२० पासून बंदी आहे तरी मिळते, आणि सुट्टी घेतली की किती ओढतो हेच कळत नाही, पाकिटावरचा सोडायच्या मदतीचा नंबरपण कधी डोळ्यासमोर येत नाही. तो नंबर १८००-११-२३५६, टोल फ्री आहे, लाजू नका, लावा.

पूर्ण मन तयार व्हायची वाट बघत बसू नका, थोडं झालं तरी तारीख ठरवा, आणि चहाच्या ग्रुपला आधीच सांगून टाका, कारण चहाबरोबरची सिगारेटच सगळ्यात अवघड जाते. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड होते, झोप उडते, पण एकेक तलफ बहुतेक वेळा काही मिनिटांतच ओसरते, तेवढ्यात पाणी प्या, टपरीपासून लांब चालत जा. सिगारेटच्या जागी तंबाखूची पुडी धरू नका, निकोटीन तेच आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. उठल्या उठल्या पहिली सिगारेट लागत असेल तर निकोटीन गमबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि ती नेहमीच्या च्युइंगगमसारखी सारखी चावायची नाही, थोडी चावून झणझणलं की गालात धरून ठेवायची, झणझण गेली की परत चावायची.