सिग्नल हँडलरमधून परतताना कर्नल घसरतं ते कुठे? या चुका टाळा

नांदेड-लातूरकडची बरीच मुलं आता कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) शिकायला एक्सव्ही६ घेतात. एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेलं (अमेरिकेतली एमआयटी, आपल्या संभाजीनगरची नव्हे) हे छोटं कर्नल जुन्या लॅपटॉपवरही क्यूईमू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये निवांत चालतं. त्यात सिगअलार्म (ठरावीक टिकांनी, म्हणजे टायमरच्या ठोक्यांनी, प्रोग्रामचं हँडलर फंक्शन चालवणारा) आणि सिगरिटर्न (हँडलर संपल्यावर प्रोग्राम होता तिथून पुढे नेणारा) हे सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे करायच्या मागण्या, लिहायची वेळ आली की मेसेज येतो: "सर, हँडलर तर चालला, पण नंतर प्रोग्राम येड्यावानी करायलाय."

हँडलर चालवणं सोपंच आहे. टायमर इंटरप्ट आला की ट्रॅपफ्रेममधल्या (प्रोग्राम थांबतो तेव्हा त्याचे रजिस्टर साठवायची जागा) ईपीसीत, म्हणजे परतल्यावर कुठून चालायचं त्या खान्यात, हँडलरचा पत्ता टाकायचा. घोळ परतताना होतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फक्त जुना ईपीसी जपून ठेवणं. साध्या फंक्शन कॉलच्या वेळी कोणते रजिस्टर वाचवायचे ते कंपायलर बघतो. इथे मध्येच कुणी कॉल घुसवलाय याचा त्याला पत्ताच नसतो. इंटरप्ट आला त्या क्षणी रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या ३१ रजिस्टरांपैकी कोणताही वापरात असू शकतो. म्हणून निवडानिवड करू नका, २८८ बाइटची अख्खी ट्रॅपफ्रेम कॉपी करा. त्यासाठी वेगळं पान घेतलं असेल तर ते प्रोसेसची जागा मोकळी करणाऱ्या फ्रीप्रॉकमध्ये सोडायला विसरू नका, नाहीतर यूजरटेस्ट्स या चाचण्या चालवल्यावर मेमरी गळताना दिसेल.

एवढं करूनही ए० हा रिटर्न व्हॅल्यू ठेवणारा रजिस्टर बिघडतो, आणि ही चूक शोधायला खरंच वेळ जातो. कारण सिगरिटर्न हा स्वतःच एक सिस्टिम कॉल आहे. तुम्ही ट्रॅपफ्रेम नीट परत ठेवता, शेवटी सवयीने शून्य रिटर्न करता, आणि सिस्कॉल फंक्शन तेच शून्य ए०मध्ये लिहून टाकतं. बहुतेक वेळा काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही, म्हणून पोरं भलतीकडे शोधत बसतात. उपाय एका ओळीचा: परत ठेवलेल्या ट्रॅपफ्रेममधला ए० हाच रिटर्न करायचा.

हँडलर संपायच्या आत दुसरा अलार्म वाजला तर जपलेली प्रत पुसली जाते. तेव्हा हँडलर चालू असल्याची खूण प्रोसेसमध्ये ठेवा आणि ती सिगरिटर्नमध्येच काढा. अलार्म बंद आहे का हे हँडलरच्या पत्त्यावरून ठरवू नका. एक्सव्ही६मध्ये युजर प्रोग्राम शून्य पत्त्यापासून सुरू होतो, त्यामुळे शून्य हा हँडलरचा खराखुरा पत्ता असू शकतो. तपासायचं ते टिकचं अंतर.

डीबग करताना सीपीयू एकच ठेवा; तीन सीपीयूंवर जीडीबी हा डीबगर नुसतं भंडावून सोडतो. यूजरट्रॅप फंक्शनमध्ये ब्रेकपॉइंट लावून ईपीसी पाहा आणि तो पत्ता अलार्मटेस्ट या चाचणी प्रोग्रामच्या असेम्ब्ली फाइलमध्ये शोधा. प्रिंटएफची गर्दी करण्यापेक्षा हे लवकर होतं.

याच्या पुढे जाऊन सिग्नल मास्क (कोणते सिग्नल अडवायचे याची बिटांची यादी) लिहिणार असाल तर सिग्नलचे क्रमांक १ पासून सुरू होतात हे ध्यानात ठेवा, म्हणजे बिट एकाने कमी. ६४ सिग्नल हवे असतील तर साधा ३२ बिटांचा १ डावीकडे सरकवून भागत नाही, ६४ बिटांचा घ्या. फोर्कनंतर (प्रोसेसची प्रत काढणारा कॉल) मुलाला, म्हणजे नव्या प्रोसेसला, मास्क आणि हँडलर मिळतात, पण बापाचे प्रलंबित सिग्नल मिळत नाहीत. एक्झेकनंतर (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम भरणारा कॉल) हँडलर मूळपदावर येतात, कारण जुना कोड मेमरीत उरलेलाच नसतो. दुर्लक्षित ठेवलेले सिग्नल मात्र दुर्लक्षितच राहतात. आणि सिगकिल, सिगस्टॉप हे न अडवता येणारे दोन सिग्नल मास्कमधून दर वेळी कर्नलनेच काढून टाकायचे.