कोरडवाहू शेती आणि घरातले ताट: या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

अल्पभूधारक शेती, पोषण आणि कुटुंबकल्याण या विषयात काम करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा आधी सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारतात. ते सरावाने जमते. शेतकरी कुटुंबाला नेमका प्रश्न कसा विचारावा हे शिकायला मात्र बराच काळ लागतो, आणि त्यासाठी सोलापूरइतका चांगला जिल्हा मला दुसरा दिसत नाही.

इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1975 मध्ये सहा गावांचा जो दीर्घ अभ्यास सुरू केला, त्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण ही दोन गावे होती. प्रत्येक गावातून 40 कुटुंबे निवडली गेली; त्यांपैकी 10 भूमिहीन मजुरांची आणि 30 लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची होती. माहिती नोंदवणारे कर्मचारी गावातच मुक्कामी असत. याच आकडेवारीवर अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी 1994 मध्ये दाखवले की, एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न घटले तरी त्याचा उपभोग त्या प्रमाणात घटत नाही, तो बराचसा गावाच्या सरासरीबरोबर चालतो. पुढे या निष्कर्षावर आक्षेप आले ते मुख्यतः उपभोग मोजण्याच्या पद्धतीवर. नवोदितांनी निबंध आणि आक्षेप दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत, कारण सगळा वाद अखेर प्रश्नावलीतल्या एका रकान्यापर्यंत येऊन पोहोचतो.

असे रकाने आपल्या भागात पुष्कळ आहेत. रब्बी ज्वारीचा फक्त धान्याचा उतारा नोंदवला, तर शेतकरी मालदांडी हे ज्वारीचे वाण का सोडत नाही हे कधीच कळणार नाही; कडब्याच्या पेंढ्या किती निघाल्या, किती विकल्या आणि किती जनावरांना ठेवल्या हे स्वतंत्र विचारावे लागते. सातबाऱ्यावरची जमीन आणि प्रत्यक्ष कसलेली जमीन यांतही फरक असतो, कारण वाट्याने केलेले शेत कागदावर सहसा दिसत नाही.

आहाराचे प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतात. 15 ते 49 वयाच्या स्त्रियांसाठी रूढ असलेल्या मोजमापात मागच्या 24 तासांत 10 अन्नगटांपैकी किमान 5 गट खाल्ले का, हे पाहतात. पण आदला दिवस एकादशीचा असेल, आणि पंढरपूरच्या या जिल्ह्यात उपवास पाळणारी घरे पुष्कळ आहेत, तर उत्तरात साबुदाणा, भगर आणि शेंगदाणे येतात आणि भाकरी, पालेभाजी गायब होते. म्हणून दिनदर्शिका पाहून भेटीचे दिवस ठरवावेत आणि उपवासाची वेगळी नोंद ठेवावी. प्रश्न त्या स्त्रीलाच, शक्यतो चुलीजवळ बसून विचारावा; ओसरीवर सासरे किंवा नवरा उत्तर देऊ लागले की घरात काय शिजले ते कळते, तिच्या वाट्याला काय आले ते कळत नाही. डाळीचे पातळ पाणी आणि घट्ट वरण एकाच खुणेने नोंदवले जाऊ नये, यासाठी वाटी सोबत न्यावी.

हंगामाचा विचार निधीच्या अर्जातच करावा. ज्वारीची रास घरी आल्यानंतरची फेरी आणि साठा सरत आलेल्या पावसाळ्यातली फेरी, अशा किमान दोन फेऱ्यांचा खर्च मागावा. एकाच फेरीपुरते पैसे मिळाले, तर मी पावसाळ्यातली निवडेन.