विटवॉटर्सरँडचा पिंडाश्म हातात आला तर

विटवॉटर्सरँड हा दक्षिण आफ्रिकेतला सोन्याच्या खाणींचा प्रदेश, आणि पिंडाश्म म्हणजे जुन्या नदीने आणलेल्या गारगोट्या आणि वाळू घट्ट होऊन बनलेला दगड. नमुना आधी ओला करा, पण बाटलीतल्या पाण्याने. थुंकी लावून दगड बघायची आम्हा भूवैज्ञानिकांची सवय इथे नको, कारण या दगडात युरेनिअमचं खनिज असतं. बघून झाल्यावर हातही धुवा.

ओल्या दगडात पांढऱ्या-करड्या गारगोट्या लगेच उठून दिसतात आणि नवखा विद्यार्थी त्यांच्यातच सोनं शोधत बसतो. मी त्याला गारगोट्यांमधली बारीक भर बघायला लावते. जोहान्सबर्गजवळ लांगलाग्ते इथे १८८६ मध्ये सापडलेलं सोनं अशाच भरीत होतं. ते बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दहापट भिंग लावा आणि आधी पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं पिवळसर चमकदार खनिज, शोधा.

पायराइटच्या कणांचा आकार नीट बघा. चौकोनी, धारदार स्फटिक दगडातच नंतर वाढलेले असतात; त्यांच्यावरून नदीबद्दल काही ठरवू नका. गोल, छर्‍यांसारखे कण मात्र पाण्याने घासत आणलेले असतात. आजच्या नदीत पायराइट हवेतल्या ऑक्सिजनने गंजून जातं. युरेनिनाइट, म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं युरेनिअमचं खनिज, तेही अशा पाण्यात विरघळतं. सुमारे २८० ते २९० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, म्हणून ही दोन्ही जड खनिजं सोन्यासोबत वाळूत टिकली. मला या दगडातलं सगळ्यांत मोलाचं हेच वाटतं: त्या काळच्या हवेचा पुरावा असा मुठीत मावतो!

घानातल्या तार्क्वाचा पिंडाश्म शेजारी ठेवून बघा. तो सुमारे २१० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यातही सोनं आहे, पण पायराइटच्या जागी हेमॅटाइट-मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइड खनिजांची काळी वाळू आहे. तोवर हवेत ऑक्सिजन आला होता.

युरेनिनाइटचे कण फार बारीक असतात. भिंगावर विसंबू नका, गॅमा मोजणी करा, म्हणजे दगडातून येणारे गॅमा किरण यंत्राने मोजा. नमुना थराच्या तळापासून माथ्यापर्यंत सलग छेद देऊन घ्या. तळाशी काळी कार्बनची रेघ दिसली तर तिचा नमुना वेगळ्या पिशवीत भरा. काही रीफमध्ये, म्हणजे सोनं असलेल्या पिंडाश्माच्या थरांमध्ये, सोनं आणि युरेनिअम त्या बोटभरही जाड नसलेल्या रेघेत एकवटलेलं असतं. ती बाकीच्या दगडात मिसळली तर नेमकं कुठे किती आहे ते हरवतं. पिशवीवर थराची वरची बाजू कोणती हे बाणाने दाखवा.