प्रत्येक कुलूप किल्लीशिवाय, साध्या हत्यारांनी उघडतं का?

नाही. मी आधी किल्ली बघतो. करवतीसारखे दाते असतील तर आत बहुधा पिना, म्हणजे स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या दांड्या. मग वाकडी पट्टी आणि हुक पुरतात. पट्टीने कुलपाच्या गाभ्यावर, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या भागावर, अगदी हलका ताण द्या (नवशिके हमखास जोर लावतात) आणि हुकाने एकेक पिन चाचपा. जी घट्ट अडलेली लागेल ती आधी उचला. बारीक ‘टक्’ झालं की पुढची शोधा. सराव स्वतःच्या, दाराला नसलेल्या कुलपावरच करा, कारण आतले भाग बिघडू शकतात.

किल्ली अर्धगोल, तिरक्या खाचांची असेल तर आत फिरत्या चकत्या. तिथे हुक निरुपयोगी, खास हत्यारच हवं. अवघड कुलपंही उघडतात: लंडनच्या ब्रामा या कुलूपकाराचं, ‘उघडून दाखवा’ असं आव्हान देणारं कुलूप १८५१ मध्ये हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने उघडलं खरं, पण त्यासाठी ५० हून अधिक तास खपला!