धमकी आलेल्या कार्यकर्त्याला सांभाळताय? मग या चुका टाळा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-निपाणी पट्ट्यात बारा-तेरा वर्षं हेच करतोय. मजुरीसाठी, जमिनीसाठी, देवदासी बायकांच्या हक्कासाठी नाहीतर वसुलीवाल्यांच्या छळाविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाला धमकी आली की त्याच्यामागं आपण उभं राहायचं. आणि दरवेळी त्याच त्याच चुका बघून आता जीव विटलाय. नवीन पोरांचा पहिला प्रश्न काय, तर "दादा, फोनमध्ये कुठलं ॲप टाकू?" अरे बाबा ॲप नंतर बघू, आधी रात्री कोण कुणाला फोन करणार ते तरी ठरवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ग्रुपवर टाकणं. खानापूरकडच्या एका ताईनी वीटभट्टीवरच्या लोकांची थकलेली मजुरी मागितली, तर मालकाची माणसं दोनदा दारात येऊन गेली, म्हणून आम्ही तिला रात्रीत निपाणीजवळच्या एका गावात ओळखीच्या घरी नेऊन सोडलं. माहिती फक्त चौघांना. सकाळी आठला त्या चौघांतल्याच एका पोरानं, ज्याचा ताईवर आईसारखा जीव आहे, ग्रुपवर फोटो टाकला, "ताई सुखरूप आहे, कुणी काळजी करू नका." ताई कट्ट्यावर चहा पितेय आणि मागं किराणा दुकानाची पाटी, तिच्यावर कन्नडमध्ये गावाचं नाव. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं, त्यातल्या निम्म्यांना तर आम्ही ओळखतही नव्हतो. अकराच्या आत दोन गाड्या त्या दुकानासमोर येऊन विचारपूस करत होत्या. मागच्या दारानं, उसाच्या फडातनं तिला बाहेर काढली, पायात चपला पण नव्हत्या. गाडीत बसल्यावर ती एवढंच बोलली, "आता ह्या घरच्यांचं काय?" खरंच, त्या घरच्यांना महिनाभर आपली पोरगी मावशीकडं ठेवावी लागली.

तेव्हापासून माझी सवय अशी की जागा तिघांनाच माहीत, ती पण तोंडी, कुठं लिहायची नाही. सकाळी आठ आणि रात्री नऊ, दोन फोन. अर्धा तास वर गेला आणि फोन नाही आला तर दुसऱ्यानं थेट वकिलाला लावायचा, "झोपली असेल" म्हणून थांबायचं नाही. फोटो काढायचाच असेल तर ती जागा सोडल्यावर टाका आणि टाकायच्या आधी मागं काय दिसतंय ते बघा.

दुसरी चूक आपल्या भागातलीच. कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, आणि ठाण्यात समोर आलेल्या कागदावर आपण सही करून मोकळे. एका वयस्कर शेतकऱ्यांना "तुला संपवतो" अशी धमकी आली होती, ते आणि मी दोघंच ठाण्यात गेलो, दोन तास बसवल्यावर कंटाळून त्यांनी सही केली आणि मी पण अडवलं नाही. नंतर वकिलांनी वाचून दाखवलं तर कागदावर नुसतं "शाब्दिक वाद झाला" एवढंच. ती चूक माझी, अजून मनाला लागते. पुढं सगळं नव्यानं लिहून एस.पी. म्हणजे जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या ऑफिसला पाठवण्यात तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस ते घराबाहेर पडू शकले नाहीत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, हे स्पष्ट आहे की तोंडी तक्रार लिहून घेतली तर ती तुम्हाला वाचून दाखवायची आणि एफ.आय.आर.ची प्रत फुकट द्यायची. दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांना कोर्टाला न विचारता तपास करता येतो असा, असेल तर हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, त्यामुळं जीव वाचवायला तुम्ही कोल्हापूरला गेला असाल तर तिथं पण देता येते. ठाण्यात घेतच नसतील तर एस.पी.ना पोस्टानं लेखी पाठवायची सोय त्याच कलमात आहे. मी काय करतो, तक्रार घरीच कन्नड येणाऱ्या मित्राकडनं लिहून घेतो, दोन प्रती, एकीवर पोच घेतल्याशिवाय उठत नाही आणि त्या मित्राला सोबत पण नेतो. सीमेचा, भाषेचा वाद कितीही खरा असला तरी तो त्या दिवशी घरी ठेवून जा. माझ्या अनुभवात रात्री-बेरात्री धावून आलेले निम्मे वकील कन्नड बोलणारेच होते.

रोजचा ठरलेला वेळ आणि रस्ता बदला. गोळ्या घालून मारलेली माणसं आठवा. दाभोलकर २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले होते, पानसरे २०१५ ला कोल्हापुरात फिरून घरी येत होते, कलबुर्गी सर त्याच वर्षी धारवाडात घराच्या दारात, गौरी लंकेश २०१७ ला बेंगळुरात रात्री घरी पोचल्या तेव्हा. हे लोक कधी कुठं सापडतील ते मारणाऱ्यांना माहीत होतं. ह्यातली दोन गावं तर आपल्या शेजारची, तरी लोक म्हणतात "आपल्याकडं असलं काही होत नाही."

वकिलाचा नंबर कागदावर खिशात ठेवा, कारण पहिला फोनच काढून घेतात. अटक झाली तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं आणि घरच्यांना कळवावं लागतं, हे घरातल्या एकाला तरी आधीच सांगून ठेवा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका, १५१०० ला फोन करा, फुकट कायदेशीर मदतीचा सरकारी नंबर आहे तो, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला तक्रार पाठवायला तर वकील पण लागत नाही.

आणि एक, जे कुणीच मनावर घेत नाही. धमकी आल्या दिवशी पन्नास माणसं घरी येतात, भाषणं होतात, पोरं त्याच संध्याकाळी पत्रकार परिषद घ्या म्हणून मागं लागतात, त्या माणसाला विचारत पण नाहीत. पंधराव्या दिवशी कुणी नसतं. खरा त्रास तिथनं सुरू होतो, झोप उडते, दार वाजलं की छातीत धडधड, बीपीच्या गोळ्या चुकतात, पोरांवर चिडचिड. त्या ताईला विचारलं की "मी बरी आहे" एवढंच म्हणायची, तिच्या नवऱ्यानं सांगितलं की ती दोन महिने उंबऱ्याजवळ बसून रात्र काढते. म्हणून आता मी पंधराव्या दिवशी, महिन्यानं, तीन महिन्यांनी अशा तारखा आधीच वहीत लिहून ठेवतो. जाताना भाजी नेतो आणि झोपेचं घरच्यांना विचारतो. झोप लागत नाही म्हणाले तर १४४१६ ला तिथंच बसून फोन लावून देतो. टेलिमानस आहे ते, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, पैसे लागत नाहीत, मराठीत पण बोलतात आणि कन्नडमध्ये पण.