उंचीवर दुखणं लपवू नका : या चुका टाळा

कळसूबाई 1,646 मीटर, लेह सुमारे 3,500. मुंबईहून सकाळचं विमान धरलं की माणूस काही तासांत कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर उतरतो आणि दुपारी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला निघतो. "सर, एवढे किल्ले केलेत, मला काही होत नाही." किल्ल्यांनी पाय तयार होतात हो, पण विरळ हवेची सवय व्हायला दिवसच द्यावे लागतात. लेहमध्ये पहिले दोन दिवस मी माझ्या ट्रेकच्या गटातल्या कुणाला गल्लीबाहेर सोडत नाही. रजा कमी असेल तर पुढच्या वर्षी या.

सगळ्यात जास्त धास्ती मला डोकेदुखी लपवणाऱ्यांची. लडाखमधल्या कांग यात्से-2 शिखराच्या बेस कॅम्पवर, म्हणजे पाच हजार मीटरच्या आसपास, आमच्यातला एक तेविशीचा मुलगा जेवायला आला नाही. तंबूत डोकावलो, तर हेडलॅम्पच्या उजेडात डावा बूट उजव्या पायात कोंबत बसलेला. निमालिंगपासून, म्हणजे खालच्या मुक्कामापासून, डोकं ठणकत होतं आणि हा गुपचूप गोळ्या खात होता. वरून परत पाठवतील, ही भीती. नाव विचारलं तर बरोबर सांगितलं. बाहेर आणून तंबूच्या दोरीलगत पावलाला पाऊल जोडून चालायला लावलं. तिसऱ्याच पावलाला झोक गेला. मेंदूला सूज यायला लागल्याची ही खूण. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन दिलं, ऑक्सिजन लावला आणि उजाडायची वाट न बघता दोघांनी खांद्याला धरून खाली काढला. खालच्या हांकर गावाच्या अलीकडे पहाटे तो म्हणाला, "भूक लागलीय." तेव्हा माझ्या जिवात जीव आला. रात्रीचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

तेव्हापासून संध्याकाळी सूप वाटायच्या आधी मी प्रत्येकाला तसं चालायला लावतो आणि कुणी कुठली गोळी घेतली ते वहीत लिहितो. डोकं दुखतंय? मुक्काम तिथेच. वाढलं? खाली.

डायमॉक्सची गोळी म्हणजे शॉर्टकट नव्हे. शरीर लवकर रुळायला ती मदत करते, तेवढंच. डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गोळी घेतली तरी 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका.

झोपेची गोळी आणि दारू बंद.

बळेबळे लिटरच्या लिटर पाणी पिऊ नका. रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्यानेही डोकं दुखतं, उलट्या होतात.

ऑक्सिमीटर लावण्याआधी बोट काखेत धरून गरम करा, गार बोटावर आकडा चुकतो.

आणि खोकला आला की "सर्दी असेल" म्हणून पांघरूण ओढू नका. बसल्या जागी धाप लागत असेल तर फुफ्फुसात पाणी होत असू शकतं. रात्रीचे कितीही वाजले असोत, शेजारच्याला उठवा.