रस्त्यावरच्या ढिगातून जुनी पुस्तकं कशी निवडावीत

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाच्या तोट्या, पितळी कुलपं, बंद पडलेले रेडिओ यांच्या मधेच कुणीतरी ताडपत्रीवर पुस्तकं ओतून बसलेलं असतं. मुंबईकरांनी शनिवारी हुतात्मा चौकातला पदपथ नाहीतर माटुंग्याचं किंग्ज सर्कल गाठावं. दिल्लीतला दर्यागंजचा रविवारचा बाजार २०१९पासून आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये भरतो.

निघताना दोन जाड कापडी पिशव्या, हात पुसायला फडकं आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटा घ्या. लांबलचक यादी नको. ती हातात असली की यादीबाहेरचं काही दिसतच नाही. दिवाळीची साफसफाई सुरू झाली की रद्दीवाल्यांकडे घरोघरची कपाटं रिकामी होतात, तेव्हा माल चांगला असतो. पावसाळ्यात मात्र ओल लागलेली पुस्तकं गळ्यात पडण्याची भीती.

पहिली फेरी नुसती बघत मारा. एखाद्या ढिगात तीन-चार पुस्तकांवर एकाच हाताने घातलेलं नाव, एकाच दुकानाचा शिक्का किंवा सारखंच खाकी कव्हर दिसलं, तर तिथेच बैठक मारा. कुणाचं तरी अख्खं कपाट आलेलं असतं. त्या माणसाची आवड तुमच्याशी जुळली, तर बाकीचा बाजार नाही पाहिला तरी चालेल. असा ढीग तळापर्यंत उपसावा. लहान आकाराची, कण्यावर नाव नसलेली पुस्तकं खालीच दबलेली असतात.

पुस्तक आवडलं की भाव विचारायच्या आधी तपासा. आधी शेवटचं पान बघा, मग सांधे. बरीचशी जुनी पुस्तकं सोळा पानांच्या फर्म्यांनी (एकत्र दुमडून शिवलेल्या जुड्यांनी) बांधलेली असतात, त्यामुळे पानं गळतात तीही बऱ्याचदा फर्म्यानेच. १६वरून १७वर, ३२वरून ३३वर जाताना मजकूर नीट जुळतो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. कधी एकच फर्मा दोनदा बांधलेला असतो आणि पुढचा गायब! पिवळी पानं चालतील. पण कोपरा जरासा वाकवताच तुकडा हातात आला, तर ते पुस्तक वाचताना टिकायचं नाही. बांधणीच्या फटीत कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, दिसली, तर खाली ठेवा.

मग आवृत्तीचं पान. साल शके असेल तर ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन मिळेल (जानेवारी ते मार्चच्या सुमाराला ७९). किंमत आण्यांत छापलेली असेल, तर पुस्तक बहुधा १९५७च्या आधीचं. त्या वर्षी १ एप्रिलपासून नवे पैसे आले. ग्रंथालयाचा दाखल क्रमांक आहे, पण ‘रद्द’ असा शिक्का नाही, अशी प्रत मी तरी घेत नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कोरी, गाजलेली पुस्तकं फिक्या छपाईची आणि पातळ कागदाची दिसली, तर ती जुनी नव्हेत, चोरून छापलेली असतात.

आता भाव. एकेक पुस्तक पुढे करू नका. पाच-सहा एकत्र ठेवून “काका, सगळ्यांचे मिळून किती?” असं विचारा. अगदी सकाळी गेलात आणि भवानी झालेली नसेल, तर पहिलं गिऱ्हाईक सहसा परत पाठवत नाहीत. पण म्हणून दहा रुपयांसाठी त्यांना पिळू नये. उन्हात बसून त्यांनी ते ढीग राखलेले असतात. आवडीचा विषय सांगून ठेवा. पुढच्या वेळी तसं काही आलं तर बाजूला काढून ठेवतात.

घरी आल्यावर पुस्तकं थेट कपाटात घालू नका. गॅलरीत सावलीत मऊ ब्रशने झटका. किडीची शंका असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर पानांवर दव धरतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच लावू नये, तो पिवळा पडून कागद खातो. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाची खळ पुरते. वाळेपर्यंत वर एखादा जाडजूड शब्दकोश ठेवून द्या.